मोरीतल्या मुंग्या

मुंगी दिसली की मी भरल्या ताटावरून उठते. लोक हसतात. हसू देत. सासरच्या मोरीतली लाल मुंग्यांची रांग ज्यांनी रोज सकाळी खराट्याने लोटली नाही, त्यांना हसायला काय जातंय!

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास मी लग्न होऊन शिळफाट्याला आले. पुढे गुळाचं दुकान, मागे घर. घाट उतरून ट्रक यायचे, आणि सासरे प्रत्येक ढेपेचा कोपरा सुरीने तासून खडा तोंडात टाकायचे. खारट गूळ विकला तर गिऱ्हाईक तुटतं, म्हणून चाखणं आलंच. पण चाखून थुंकायचं नाही, तो लक्ष्मीचा अपमान. शिवाय येईल त्या गिऱ्हाइकाबरोबर गोडमिट्ट चहा, दुपारी फरसाण, संध्याकाळी भजी. ताटात पालेभाजी दिसली की विचारायचे, आम्ही काय शेळ्या आहोत? अंगाला ऊन कसं ते माहीत नाही. पाय पालीच्या पोटासारखे पांढरे, आणि त्याचाही घरात तोरा. उन्हात हमालांनी राबायचं म्हणे.

मुंग्या यायच्या त्या मोरीच्या एकाच कोपऱ्यात, जिथे सासरे लघवीला बसायचे. मी सासूबाईंना नेऊन दाखवलं.

"गुळाचं घर हाय गं," त्या म्हणाल्या. "पायाला लागून येतो गूळ. तुला मोरी धुवाया नको, दुसरं काय नाय."

झालं, खापर माझ्या डोक्यावर. मी नाक दाबून फिनेल ओतायचे, पावडर टाकायचे, दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा हजर. सासरे तांब्यावर तांब्या पाणी प्यायचे, तर म्हणे गोड खाल्ल्यावर तहान लागतेच. अंगाने उतरले, तर बरं झालं, पोट आत गेलं. त्या घरात सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर, गूळ!

मग सासऱ्यांच्या पायाला चप्पल घासली. जखम भरेना. सासूबाईंनी तिच्यावर बांधलं काय, तर हळद आणि गरम गूळ. सकाळी पट्टी सोडली तर आत मुंग्या. शी! आज लिहितानाही अंगावर काटा येतो. पाय काळा पडला, घरभर कुजका वास सुटला, तेव्हा कुठे कर्जतहून डॉक्टर आणले. त्यांनी लघवी निळं औषध घालून नळीत उकळली, ती विटेसारखी लाल झाली.

"मधुमेह आहे, आणि आजचा नाही," डॉक्टर म्हणाले. "घरात कुणाला काहीच दिसलं नाही?"

सासूबाई माझ्याकडे अशा बघत होत्या की मी डॉक्टरांना हात धुवायला पाणी आणायला उठले.

मुंबईला नेऊन पाय गुडघ्याखाली कापला. सासूबाई तिकडेच राहिल्या. गादीवर माझा नवरा बसायला लागला, तोही लहानपणापासून खडे चघळतच मोठा झालेला. मला वाटलं, चला, निदान मोरीची घाण तरी सुटली.

एका सकाळी खराटा घेऊन गेले तर रांग होती. त्याच कोपऱ्यात. सासरे अजून इस्पितळातच होते. खराटा तिथेच टाकला. नवऱ्याला हाक मारली आणि नुसतं बोट दाखवलं.

त्याने वाकून पाहिलं. गालात खडा होताच.

"गुळाचं घर हाय गं," तो म्हणाला. "फिनेल टाक."