बटणाला नाव नव्हतं

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात बावीस वर्षं केसपेपरांवर शिक्के मारता मारता काकूंचे गुडघे गेले, आणि नेमका तेव्हाच विभागही गेला. सगळं कॉम्प्युटरवर जाणार होतं. साहेबांनी बोलावून सांगितलं, बाहेर बाकांसमोर पेशंटचं नाव दाखवणारा पडदा शुक्रवारपर्यंत चालू करा, तर वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवाल्यांत जागा देतो. नाहीतर महिनाअखेर निरोप. सांगायला साहेबांचं काय जातं.

काकूंचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळे अधू झाले तसं दुकान बंद झालं, आणि घर काकूंच्या पगारावर आलं. म्हणून त्यांनी पुतणीच्या वयाच्या शिकवणीच्या बाईंकडून सहा महिने निमूटपणे जावास्क्रिप्ट ही कॉम्प्युटरची भाषा शिकून घेतली होती. रोज काम संपल्यावर, रिकाम्या पोटी.

कॉम्प्युटरमधल्या पेशंटच्या नोंदीत त्यांनी एक फंक्शन, म्हणजे बोलावलं की ठरलेलं काम करणारा हुकूम, लिहिलं होतं: माझं नाव पडद्यावर दाखव. आपल्या टेबलावरून चालवलं की नाव झळकायचं. सिस्टरनं पडद्यावरचं बटण दाबलं की मात्र नावाच्या जागी कॉम्प्युटरचं ‘इथे काहीच नाही’ यायचं: ‘अनडिफाइन्ड, खोली दोन’. बाकावरचे एक आजोबा बराच वेळ इकडेतिकडे बघत होते, हा कोण गृहस्थ, आत का जात नाही म्हणून.

बुधवारपर्यंत काकूंना एवढं उमगलं की फंक्शनमधला ‘माझं’ म्हणजे कोणाचं, हे लिहिताना ठरतच नाही. ते ठरतं बोलावताना. नोंदीनं बोलावलं तर ‘माझं’ म्हणजे पेशंटचं. तेच फंक्शन उचलून बटणाच्या हातात दिलं, की ते नोंदीला साफ विसरतं आणि बटणाचं होऊन बसतं. आणि काकूंनी बटणाला नाव कुठे दिलं होतं?

वरच्या मजल्यावरच्या प्रोग्रॅमरला विचारलं, तर त्यानं मान वर न करता सांगितलं, बाइंड करा की, म्हणजे कोणीही बोलावलं तरी ते पेशंटलाच बांधलेलं राहील. काकूंनी बाइंड केलं. पडद्यावर पुन्हा अनडिफाइन्ड. गुरुवार त्यातच गेला. डोकं भणभणत होतं, पाय सुजले होते, आणि पुन्हा विचारायला जायची लाज वाटत होती.

शुक्रवारी सकाळी त्यांनी बाइंडची आणि बटणाची अशा दोन ओळी एकीखाली एक ठेवून पाहिल्या, आणि कपाळावर हात मारला. बाइंड मूळ फंक्शनला हातही लावत नाही. ते बांधलेलं एक नवंच फंक्शन काढून देतं. ते नवं काकूंनी कुठे ठेवलंच नव्हतं, आणि खालच्या ओळीत बटणाला जुनंच दिलं होतं. शिक्का मारलेली प्रत टेबलावर सोडून बिनशिक्क्याची पुढे पाठवायची, या चुकीबद्दल त्यांनी आजवर किती नवख्यांना झापलं होतं!

अकरा वाजता साहेबांसमोर सिस्टरनं बटण दाबलं. नाव आलं, आणि बाकावरची एक बाई पिशवी सावरत उठून आत गेली. बाकी कोणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. सोमवारपासून वर या, एवढं म्हणून साहेब गेले.

काकूंनी जिन्याखाली जाऊन घरी फोन लावला. नोकरी राहिली म्हटल्यावर नवऱ्याचा आवाजच बदलला. निवृत्तीला आता सातच वर्षं, तोवर काळजी मिटली, असं तो सांगत राहिला. सात वर्षं. आज हे शिकले, उद्या आणखी काही येईल, परवा आणखी. काकू भिंतीला टेकल्या.

“अहो, मी फार दमलेय,” त्या म्हणाल्या. बावीस वर्षांत हे त्यांनी घरी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “थांब तिथेच. मी येतो तुला घ्यायला.”

दुकान बंद झाल्यापासून तो एकटा रस्त्यावर उतरला नव्हता. मधे दोन मोठे चौक होते. नको म्हणायला काकूंनी तोंड उघडलं, आणि मग म्हणाल्या, “सावकाश या.”