जिज्ञासा आणि दुसरी बत्तीस

हेंद्रेपाड्यातल्या जिज्ञासा भोईरला कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय खरी वाटत नाही. रिक्षात बसण्याआधी ती विचारते, "ब्रेक लागतात ना?" रिक्षावाला "लागतात की ताई" म्हणाला की म्हणते, "लावून दाखवा." अमित तिला बघायला आला तेव्हा ऐटीत म्हणाला, "मला स्वयंपाकातलं थोडंफार येतं." जिज्ञासाने त्याला तिथल्या तिथे ओट्यापाशी नेऊन चहा करायला लावला. बाहेर दोन्हीकडची मंडळी पोह्यांच्या बशा धरून ताटकळत. चहा बरा झाला, साखर जरा जास्त पडली. लग्न झालं. साखरेवर अजून काम चालू आहे.

अशा बाईने पोटासाठी काय करावं? ती टेस्ट लिहिते. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात भूपेशसेठ या सिंधी व्यापाऱ्याचा जीन्सचा होलसेल धंदा आहे. खाली गोदाम, वर तीन खुर्च्यांचं सॉफ्टवेअर खातं. दुकानदार मोबाइलवर ऑर्डर टाकतो, गोदामात चिठ्ठी छापली जाते, माल निघतो. हे सगळं जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं आहे, आणि ते बरोबर चालतं की नाही हे बघणारे चारशे बारा छोटे प्रोग्रॅम म्हणजे टेस्ट. टेस्ट पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल.

हा प्रोग्रॅम आणि त्याच्या टेस्ट, दोन्ही लिहिलं अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या जयदेवने. माणूस प्रेमळ, कोड जुना. टेस्टसाठी त्याने वापरलेलं साधन आता कोणी सांभाळत नाही, म्हणून सगळ्या टेस्ट नव्या पद्धतीत नेण्याचं काम जिज्ञासाकडे आलं. दोन महिने ती रोज पाच-दहा टेस्ट हलवत होती, घरातलं सामान हलवावं तशी. प्रत्येक डबा उघडून, वास घेऊन.

आणि सगळ्या हलवून झाल्या त्या आठवड्यात एकवीस टेस्ट लाल झाल्या.

भूपेशसेठ वर आले. त्यांना कोड कळत नाही, रंग कळतो. "बेटा, जुनावाला तर पूरा हिरवा होता! तू रिपेअर करते का खराब करते?"

"साईं, जुन्या टेस्ट उत्तर यायच्या आधीच पास म्हणायच्या. पोराने तोंड उघडायच्या आत मास्तरांनी मार्क देऊन टाकावेत तशा. नव्या टेस्ट उत्तर येईपर्यंत थांबतात."

"थांबतात, मग लाल होतात. असं थांबून काय फायदा?" सेठनी घड्याळाकडे बघितलं. "सोमवारपासून सीझनची ऑर्डर चालू. शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळा हिरवा, नाहीतर जुनावाला परत लाव. नवीन सगळा फेकून दे."

दोन महिने फेकून दे! जिज्ञासाने डबाही न खाता काम उपसलं. वीस टेस्टमध्ये तिच्याच चुका निघाल्या. त्या तिने स्वतःला शिव्या घालत दुरुस्त केल्या. शनिवारी दुपारी एकच उरली: एका सेटमध्ये, म्हणजे सगळ्या मापांच्या एका गठ्ठ्यात, सहा पँट असाव्यात. प्रोग्रॅम म्हणत होता, पाच.

"स्किप टाक," जयदेव खुर्ची सरकवत म्हणाला. "एक टेस्ट वगळली तर आकाश कोसळत नाही."

"पण तुम्हीच लिहिलंय सहा."

"अगं, तीन वर्षं पास होतेय ती. एकदासुद्धा नापास झाली नाही!"

"म्हणूनच मला संशय येतोय, जयदेवदादा."

चार वाजले होते. स्किप टाकलं असतं तर पाच मिनिटांत सगळं हिरवं. जिज्ञासा उठली आणि जिना उतरून गोदामात गेली. तिथे शंकरराव गठ्ठे बांधत होते. वीस वर्षं ते हेच करतायत.

"शंकरराव, एका सेटात किती पँट?"

"सहा. अठ्ठावीस, तीस, बत्तीस, बत्तीस, चौतीस, छत्तीस. बत्तीस कंबरेची गिऱ्हाइकं जास्त, म्हणून दोन."

"चिठ्ठीवर किती येतात?"

"पाच. बत्तीस एकदाच येतंय. मग दुसरी मी टाकतो."

"कधीपासून?"

"तुमचा कम्प्युटर आल्यापासून."

"आणि सांगितलं नाहीत?"

शंकररावांनी सुतळीला गाठ मारली. "कम्प्युटरला कोण बोल लावणार? म्हटलं नजर कमी असंल त्याची. आपण सांभाळून घ्यायचं."

जिज्ञासा दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. जयदेवने कोड उघडला आणि कपाळावर हात मारला. यादीत दोनदा आलेलं माप चुकून आलं असणार, असं समजून त्यानेच ते काढून टाकलं होतं. स्वच्छतेची आवड!

मागे भूपेशसेठ उभे होते. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "म्हणजे दरवर्षी स्टॉकमध्ये बत्तीस कमी पडतात, ते हे? मी समजलो चोर आहे! चार कॅमेरे लावले मी!"

शंकरराव जिन्याच्या तोंडाशी आले होते. "कॅमेऱ्यात मीच दिसतो की, सेठ. टाकताना."

"मी बघितला ना तुला! मला वाटला, किती मेहनती माणूस आहे!"

जयदेव इतका हसला की खुर्चीसकट मागे गेला. मग त्याने एक ओळ बदलली, जिज्ञासाने टेस्ट चालवली. चारशे बारा, सगळ्या हिरव्या. सेठनी स्क्रीनवर बोट ठेवून खालपर्यंत नेलं. "हा हिरवा खरा आहे ना?"

"उत्तर ऐकून झालेला आहे."

"मग जुनावाला फेक. आत्ता, माझ्यासमोर." जुनं फोल्डर जयदेवनेच उडवलं, आणि सेठनी सगळ्यांसाठी दाल पकवान मागवलं.

सोमवारी पहिली चिठ्ठी निघाली. सहा पँट, बत्तीस दोन. शंकररावांनी सहा मोजून रचल्या आणि सवयीने त्यांचा हात पुन्हा बत्तीसच्या फळीकडे गेला.

"शंकरराव!" जिज्ञासा दारातून ओरडली.

हात हवेत थांबला. "तुझा कम्प्युटर सुधारला गं, पण ह्या हाताला कोण सांगणार?" ते म्हणाले. "दुपारपर्यंत इथंच उभी ऱ्हा."

ती स्टूल घेऊन बसली, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रत्येक गठ्ठा मोजला.