दुबार नोंद

शहाद्यात घरी बसून मी इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या चर्चची जुनी रजिस्टरं टाइप करते. हे सांगितलं की लोक आधी हसतात. हसू देत. तिकडची माणसं आपल्या गावाचा, घराण्याचा इतिहास शोधतात आणि त्यांच्या पाद्र्यांचं गिचमिड अक्षर लावायचं काम आमच्या गळ्यात पडतं. कोणाचा बाप्तिस्मा कधी झाला, कोणाला कधी पुरलं, एवढंच त्यात असतं.

गेल्या उन्हाळ्यात एका गावाच्या नोंदींत मी अडकले. तेच आईबाप, मुलीचं तेच नाव, आणि बाप्तिस्मा दोनदा. पाद्री डुलक्या काढत लिहीत होता की काय, असं म्हणत मी वैतागून शेरा मारला, 'दुबार नोंद'. काम तपासणाऱ्या बाईंचा फोन आला. "दुबार नाही ती. दफनाचं रजिस्टर बघा."

बघितलं. दोन बाप्तिस्म्यांच्या मध्ये त्याच नावाचं दफन होतं. पहिली गेली, मग दुसरी झाली, तिला पहिलीचंच नाव दिलं. तिकडे तेव्हा असं सर्रास चालायचं म्हणे.

मी कॉम्प्युटर बंद करून टाकला. आमच्या घरातही तेव्हा पाळण्यात दुसरी होती. धाकट्या भावाची पहिली मुलगी आदल्या दिवाळीच्या तोंडावर तापाने गेली. सुरतेपर्यंत नेली, उपयोग झाला नाही. लहान लेकरू म्हणून जाळलं नाही, गोमाईच्या काठी पुरलं. आत्या म्हणून तिचं नाव मीच ठेवलं होतं. ती गेल्यापासून घरात ते नाव कोणी घेत नव्हतं. चुकून तोंडात आलं की सगळे गप्प. मला फार जड जायचं ते. ते नाव मला पुन्हा घरात हवं होतं, उठता-बसता हाक मारायला.

आता धाकटीचं बारसं आलं होतं. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "तिले इचार." वहिनी अंगणात पहिलीची झबली उन्हात घालत होती.

"वहिनी, तेच नाव ठेवूत का?" मी म्हटलं. "इंग्रजस्मा अशी रीत व्हती."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती इंग्रज माय हाक मारे, तवय कोनले बलाये? पहिलीले का दुसरीले?"

तिने एक झबलं झटकून दोरीवर टाकलं.

"ताई, झबली द्या, पायजण द्या, पाळना द्या. हाई सम्दं धाकलीले चाली. नाव देऊ नका. नाव पहिलीनं शे. आते तिन्हापाशी दुसरं काय शे?"

बारशाला मी पाळण्यात वाकले. "कुर्र" म्हटलं आणि जिभेवर पहिलीच आली. ओठ घट्ट मिटून घेतले. मागे बायका ताटकळल्या. वहिनी माझ्याकडे बघत होती. मग ठरलेलं नवं नाव त्या इवल्या कानात सांगितलं. रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले आणि मला रडू फुटलं.

"जोरमा लागनं का वं ताई?" शेजारीण घाबरून म्हणाली.

मी हो म्हटलं.