बदरूभाईचा कम्प्युटर बंद होईना

सौदीतल्या बुरैद्याच्या खजूरबाजारात बदरुद्दीनला न ओळखणारा माणूस सापडणं कठीण, आणि त्यात बाजारापेक्षा बदरुद्दीनचीच मेहनत जास्त. 'कम्प्युटरवाला बदर' ही पदवी त्याला कुणी दिली नव्हती. ती त्याने स्वतःच घेतली आणि इतक्या वेळा सांगितली, की शेवटी लोकांनी कंटाळून मान्य केली.

तसा तो कोकणातल्या हर्णैचा. आला तेव्हा अबू सालेह नावाच्या खजूरवाल्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्या उचलायला होता. बाहेर भट्टी, आत बर्फ, आणि दिवसभर या दोन्हींमध्ये ये-जा. कंबर कामातून जायला एवढं पुरेसं असतं. ऑफिसात इजिप्तचा एक कारकून होता, तो भर सीझनमध्ये सुट्टीवर गेला तो गेलाच. कम्प्युटर रुसला, वजनाच्या चिठ्ठ्या निघेनात, बाहेर शेतकऱ्यांच्या पिकअप गाड्यांची रांग लागली, आणि अबू सालेह कपाळाला हात लावून बसला. बदरुद्दीन पेटी खाली ठेवून आत गेला, भिंतीवरचं बटण बंद केलं, थोडा थांबला, पुन्हा चालू केलं. चिठ्ठ्या निघाल्या. मालकाने त्याला त्याच खुर्चीत बसवलं. तेव्हापासून त्याची कंबर सरळ झाली, आणि मान जरा जास्तच सरळ झाली.

विद्या म्हणाल तर एवढीच. प्रिंटर अडला, बंद करून चालू कर. वजनकाटा आकडे दाखवेना, बंद करून चालू कर. शेजारच्या दुकानातला एसी, मशिदीबाहेरचं पाण्याचं मशीन, एकदा तर एका बांगलादेशी ड्रायव्हरची गाडी, सगळ्यांवर त्याने हाच उतारा चालवला, आणि दहातल्या आठ वेळा तो चाललाही. उरलेल्या दोन वेळा बदरुद्दीन मान हलवून म्हणायचा, "मशीनच खलास आहे." डॉक्टरलोकही याहून वेगळं काय करतात?

अशा माणसावर नशिबाने सूड उगवायचा ठरवला, तर कसा उगवावा? यंदाच्या ईदनंतर कम्प्युटर दिवसभर सुतासारखा सरळ चालायला लागला आणि फक्त बंद करताना मरायला लागला. 'शट डाउन' म्हटलं की पडदा निळा, त्यावर वाकडं रडवं तोंड, आणि खाली इंग्रजीत काहीतरी रडगाणं. 'रीस्टार्ट' म्हटलं तरी तेच. मग सकाळी उठला की तो आजाऱ्यासारखा स्वतःच्याच नाड्या तपासत बसे, आणि तोवर गाड्या बाहेर उन्हात. बंद करून चालू करणारा वैद्य, आणि रोग नेमका बंद करण्यातच. आता उतारा कुठून आणायचा?

पहिला उपाय केला तो खास बदरूछाप: बंदच करायचा नाही. पण अबू सालेहचा नियम होता, जाताना सगळं बंद. कधीकाळी त्याच्या भावाचं गोदाम वायर जळून पेटलं होतं, त्यामुळे या बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. संध्याकाळी तो जातीने यायचा, बटणं मोजायचा, आणि पडद्यावरचं रडकं तोंड बघून बदरुद्दीनकडे बघायचा. मग एक दिवस शांतपणे म्हणाला, "बदर, सीझन सुरू व्हायच्या आत हे सरळ कर. नाही झालं तर मी रियाधहून माणूस आणतो. कम्प्युटर त्याचा, खुर्ची त्याची. तू आपला आत पेट्यांकडे."

हे बोलून तो गेला. बदरुद्दीन मात्र खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिला. पन्नाशी उलटलेली, गुडघे दोन्ही वाजणारे. आत पेट्यांकडे जायचं म्हणजे काय, हे त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि त्याला सरळ सरळ भीती वाटली.

मदतीला आला पंकज. हा कराडचा, कोल्ड स्टोरेजचा इलेक्ट्रिशियन. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. बदरुद्दीनला मदत करायला तो कधीचा टपला होता, पण बोलावणं आल्याशिवाय यायचं नाही असा त्याचा बाणा.

"काय बदरूभाई, बंद करून चालू करून बघितलं का?"

"तुझ्या तोंडाला आग लागो."

"बरं. ईदनंतर सुरू झालं ना हे? मग ईदनंतर इथं नवीन काय आलं?"

नवीन काही आलं नव्हतं. पण बदरुद्दीनला संशयित हवे होते आणि ते त्याने भराभर सांगितले. पहिला खुद्द पंकज, कारण मोबाइलमधली लावणी तो याच कम्प्युटरवर भरून ठेवायचा. दुसरा प्रिंटर, कारण तो चायनाचा. तिसरा वजनकाटा, कारण शेतकरी त्याच्यावर पाय देऊन उभे राहतात. चौथा अबू सालेहचा अजान देणारा प्रोग्रॅम, पण याचं नाव त्याने हळू आवाजात घेतलं.

पंकजची रीत सोपी होती. एकेक वस्तू काढायची, कम्प्युटर बंद करून बघायचं, तोंड रडलं तर ती वस्तू निर्दोष. दुपारच्या सुट्टीत, बाजार झोपलेला असताना दोघं बसले. लावणी गेली, पडदा निळाच. प्रिंटर काढला, निळा. वजनकाटा काढला, निळा. अजानचा प्रोग्रॅम काढायच्या आधी बदरुद्दीनने मनोमन माफी मागितली. मग पडदा पुन्हा निळा झाला, तेव्हा त्याला एवढा आनंद झाला की पंकज बघतच राहिला. प्रोग्रॅम त्याने तिथल्या तिथे परत घातला.

"आता काय राहिलं?" पंकज म्हणाला. "सगळं तर काढलं."

"सगळं काढलं."

"आणि हे कोपऱ्यात काय?"

कोपऱ्यात काडेपेटीएवढी एक खिडकी होती. मालकाच्या नजरेत येऊ नये म्हणून बदरुद्दीनने ती मुद्दाम तेवढी ठेवली होती.

"ते काही नाही. ते घर आहे."

हर्णैच्या घराच्या ओटीवर त्याने मागच्या सुट्टीत कॅमेरा बसवला होता. कोकणात जिचा नवरा गल्फमध्ये तिच्या ओटीवर हल्ली कॅमेरा असतोच. पूर्वी कुत्रा असायचा. स्वस्तातला घेतला म्हणून त्याचं मोबाइलवरचं ॲप वर्षभरात बंद पडलं, फक्त कम्प्युटरवरचं चालू राहिलं. म्हणून रोज दुपारी नमाज आणि जेवण झालं की बदरुद्दीन एक नजर घरावर टाकायचा. तिकडे तेव्हा उन्हं कललेली असत. जुबेदा ओटीवरच्या खाटेवर पाठ करून झोपलेली असे, अंगणात चटईवर मिरच्या वाळत असत. सगळं जागच्या जागी आहे हे बघून त्याचं पोट भरायचं. मग तो घरी फोन लावून, मी सगळं बघतो हे तिला कळावं म्हणून, पहिलं वाक्य टाकायचा: "झोपली होतीस काय गो?"

"हे बंद करा बरं," पंकज म्हणाला.

"याचा काय संबंध? हे कधीचं आहे. ईदच्या आधीपासून."

"असू द्या. प्रिंटर काय काल आला होता?"

खिडकी बंद केली, प्रोग्रॅम काढला. पंकजने 'शट डाउन' दाबलं. कम्प्युटरने एक सुस्कारा टाकला आणि मुकाट बंद झाला. निळं नाही, तोंड नाही, रडगाणं नाही. चालू केला, बंद केला, रीस्टार्ट केला. गुणी मुलासारखा वागला.

बदरुद्दीनने टाळी वाजवली, आणि त्याच श्वासात, हे आपणच शोधून काढलं हे अबू सालेहला कोणत्या शब्दांत सांगायचं, ते जुळवायला लागला. पंकजला मात्र कारण कळल्याशिवाय चैन पडेना. त्याने प्रोग्रॅम पुन्हा घातला, खिडकी ओढून मोठी केली आणि पडद्याला नाक लावून बसला. कोपऱ्यात एक लाल ठिपका होता.

"हा ठिपका कसला?"

"रेकॉर्डिंगचा. चालू आहे म्हणून लाल."

"बदरूभाई, जोडणी तुटली की लाल. मग हा शेवटचं जपून ठेवलेलं चित्र दाखवत बसतो. कम्प्युटर बंद होताना प्रत्येकाला विचारतो, तुझं आटपलं का? हा बाबा म्हणतो, थांबा, हर्णैहून उत्तर यायचंय. तिकडून काही येत नाही, हा काही उठत नाही, शेवटी कम्प्युटरच जीव देतो." मग त्याने खिडकी आणखी मोठी केली. "आणि एक सांगा. आज महिना कोणता?"

"जुलै."

"जुलैत तुमच्या हर्णैला अंगणात मिरच्या वाळतात?"

बदरुद्दीनने बघितलं. चटईवर लालभडक मिरच्या, वर कडकडीत ऊन, अंगणातली माती कोरडी ठक्क. तिकडे आभाळ फाटून महिना उलटला होता, आणि कोकणात जन्मलेला हा माणूस रोज दुपारी हे ऊन बघत होता आणि त्याला काही वावगं दिसलं नव्हतं. बुरैद्याभोवतीच्या कसीमच्या वाळवंटात इतकी वर्षं काढली की माणसाला वाटतं, ऊन काय, सगळीकडे असतंच. ईदपासून जुबेदा त्याच एका खाटेवर त्याच एका कुशीवर झोपून होती, आणि तो तिला रोज झोपेवरून टोमणे मारत होता.

पंकजला हसू फुटलं होतं, पण बदरुद्दीनचा चेहरा बघून त्याने ते गिळलं आणि चहा आणायच्या निमित्ताने बाहेर गेला. एवढी माणुसकी त्याच्यात होती.

बदरुद्दीनच्या मनात काय काय येऊन गेलं ते सगळं सांगण्यासारखं नाही. चोर आले, घर पडलं, कॅमेरा कुणी मुद्दाम तोडला, का तोडला, कुणासाठी तोडला. नवऱ्याचं डोकं अशा वेळी पहिल्यांदा घाण वाटेनेच धावतं, आणि बदरुद्दीन काही औलिया नव्हता. त्याने फोन लावला.

पलीकडून आधी ताटांचा खणखणाट आला, मग कुणा बायामाणसांचं हसणं, मग जुबेदा.

"हां, बोला लवकर."

आज 'झोपली होतीस काय' तोंडातून निघेना. "कोण आलंय घरात?"

"पावणे."

"कुठले?"

"पुण्याचे. पावसात भिजायला आलेत. भिजून झालं, आता जेवाय बसलेत. सुरमई संपली, बांगड्यावर भागवतेय."

"जुबेदा, ओटीवरचा कॅमेरा..."

"तो व्हय? तो मी ईदच्या मागं काढला. फ्रिजर आणला ना मोठा. ओटीवर प्लग एकच हाय. मासळी ठेवू काय तुमचा कॅमेरा ठेवू?"

म्हणजे चोर नाहीत, भानगड नाही. बदरुद्दीनच्या डोळ्याचा प्लग सुरमईसाठी उपटला गेला होता. जिवात जीव आला, आणि तो आला तसा मागोमाग रागही आला.

"आणि मला सांगायचं नाय? घरात परकी माणसं जेवताहेत, आणि मला पत्ता नाय?"

"कवा सांगू?" जुबेदाचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "मी तुमाला तीनदा सांगाय गेले, माडीच्या खोल्या पावण्यांना भाड्यानं देते म्हणून. तुमी फोन लावलात की पयलं वाक्य, झोपली होतीस काय. मी इकडं उभ्यानं वाढत व्हते, हाताला पीठ, न् तुमी म्हणताव मला दिसतंय, तू झोपलीयस. पयल्या दिवशी मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी कळलं की तुमाला कायतरी जुनंच दिसतंय, तवा हसू आलं. मंग म्हटलं, बगू दे झोपलेली. माझ्या कामात खोळंबा तरी नाय."

बदरुद्दीन म्हणजे बाजारभर बोलणारा माणूस, पण त्याला लाज वाटली, आणि लाजेत काय बोलतात ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. माडी त्याने बांधली होती, टाइल्स त्याने निवडल्या होत्या, आणि त्या टाइल्सवर आता पुण्याच्या लोकांचे ओले पाय उमटत होते. चांगलं की वाईट हे ठरवायला त्याला वेळ हवा होता, आणि तिकडे जुबेदाला वेळ नव्हता.

"जेवण आवडतं काय त्यांना?" त्याने शेवटी विचारलं.

असला प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. "आवडतं," ती म्हणाली. "परत परत येतात."

पंकज दारात चहा घेऊन उभा होता. त्याच्यामागे अबू सालेह आला, कम्प्युटरकडे बोट करून त्याने भुवया उंचावल्या. बदरुद्दीनने फोन कानाला तसाच ठेवून प्रोग्रॅम पुन्हा काढला, या वेळी कायमचा, आणि कम्प्युटर बंद करून दाखवला. पडदा शांतपणे काळा झाला. "माशाल्ला," म्हणून अबू सालेह खूश होऊन गेला. खुर्ची वाचली. हे आपण कसं शोधलं याचं जुळवलेलं भाषण बदरुद्दीनने केलंच नाही, आणि पंकज म्हणतो की बुरैद्यात असं पहिल्यांदाच घडलं.

"सीझन संपला की येतो मी," बदरुद्दीन फोनवर म्हणाला. प्रत्येक फोनच्या शेवटी 'कवा येताव' हे जुबेदा विचारायची आणि हा 'बघू' म्हणायचा, अशी त्यांची इतक्या वर्षांची रीत. आज तिने विचारलं नव्हतं. ते त्याच्या लक्षात आलं, आणि म्हणूनच तो घाईने बोलला.

"कवा म्हणता?"

"नोव्हेंबर लागला की. सुरवातीलाच."

"जरा थांबा." तिने फोन खाली ठेवला. कुणाशी तरी बोलली, कसली तरी पानं उलटल्याचा आवाज आला, मग परत आली. "नाय ओ, दिवाळीची सुट्टी हाय, माडी सगळी भरलेली हाय. तुमी पंधरा तारखेनंतर या. तुमच्यासाठी एक खोली ठेवते."

बदरुद्दीनने खुर्चीत सावरून बसत सांगितलं की पंधरा तारखेनंतर त्याला चालेल.