जपानी डबी, विलायती डबी

आमच्या साडूंनी जन्मात एकही वस्तू एकटी पाहिली नाही. त्यांना ताजमहाल दाखवायला नेलं असतं तर औरंगाबादचा मकबरा उचलून शेजारी आणून ठेवा, म्हणजे काही बोलता येईल, असं ते तिथल्या पहारेकऱ्याला म्हणाले असते. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. चुडाव्याच्या शाळेत मास्तर. बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही दाजीच म्हणे. दोन विहिरींचं पाणी, दोन दुकानांतला गूळ, दोन एसटी ड्रायव्हरांचे हॉर्न, दाजींनी सगळं जोखून ठेवलेलं असायचं. एकदा भरल्या पंगतीत त्यांनी दोघी बहिणींच्या वरणाची तुलना सुरू केली. त्या दिवशी आम्ही दोघे साडू चुडाव्याच्या स्टेशनवर भजी खाऊन जेवलो.

अशा माणसाच्या हाती पंचाहत्तर-शहात्तरच्या हिवाळ्यात हात शेकायच्या दोन डब्या आल्या. एक जपानी, फौजेतल्या भाच्यानं आणलेली. दुसरी विलायती, हैदराबादच्या जुन्या बाजारात स्वतः घासाघीस करून घेतलेली. दोन्ही तळहातात मावणाऱ्या, चकचकीत. पोटात कापूस, त्याला पांढरं पेट्रोल पाजायचं, वरच्या जाळीला काडी दाखवायची आणि डबी कापडी पिशवीत घालून खिशात टाकायची. ना जाळ, ना धूर, पण डबी तासन् तास गरम. पांढरं पेट्रोल दाजी पूर्ण्याच्या घड्याळवाल्याकडून आणत आणि औषधाच्या ड्रॉपरनं मोजून दोघींना सारखं पाजत, जुळ्यांना दूध पाजावं तसं. परभणीकडच्या थंडीत खोबरेल बाटलीतच थिजून बसतं. दाजींनी थिजलेल्या तेलाच्या दोन बाटल्या दोन डब्यांवर ठेवल्या. जपानीनं तेल आधी पातळ केलं. विलायतीनं ते संध्याकाळपर्यंत पातळ ठेवलं. निकाल लागेना. दाजींच्या बायकोच्या वेणीला त्या दिवशी तेल मिळालं नाही ते वेगळंच.

"साडूभाऊ," दाजी म्हणाले, "बाटलीला काय कळतंय? ह्याला मानसाचा हात पायजे. अन् हात असा पायजे की ज्याचं काई अडलेलं हाय."

अडलेला हात म्हणजे माझा. मी तेव्हा परभणीला एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि मराठी टंकलेखनाच्या परीक्षेत दोनदा आपटलो होतो. तिसऱ्यांदा नापास झालो तर नोकरी जाणार, असं साहेबांनी बोलावून सांगितलं होतं. इतरांचं टायपिंग पत्र्यावर चिंचोके ओतल्यासारखं वाजे. माझा एक चिंचोका पडे, मग शांतता, मग मी 'ज्ञ' कुठे आहे ते शोधी, मग दुसरा चिंचोका पडे, तोही चुकीच्या जागी. दोन्ही वेळा परीक्षा थंडीत होती, म्हणून दोष मी थंडीवर टाकला होता. "बोटं आखडतात हो," असं मी इतक्या करुणपणे सांगे की ऐकणारा आपल्या अंगावरची शाल काढून मला देईल.

"उन्हाळ्यातबी तुमची बोटं अशीच चालतेत," बायको म्हणाली.

पण दाजींचा माझ्यावर विश्वास बसला. आख्ख्या परभणी जिल्ह्यात थंडीचं कारण खरं मानणारा हा एकच माणूस. "परीक्षेच्या दिवशी पहिल्या पॅसिंजरनं मी दोन्ही घेऊन येतो," ते म्हणाले. "जपानी डाव्या हाताला, विलायती उजव्या. मंग दूध का दूध."

परीक्षेच्या सकाळी मी स्वेटर, मफलर आणि वर कोट चढवून स्टेशनवर उभा होतो. गाडी आली. दाजी उतरले ते नुसत्या सुती सदऱ्यात. वरची बटणं उघडी, दोन्ही खिशांत एकेक डबी, शाल घडी करून काखेतल्या पिशवीत. ओठ निळे पडलेले.

"दाजी, शाल पिशवीत कशाला?"

"पांघरली की ह्या गुदमरतेत. ह्यांला हवा लागती. चुडावा सुटलं तशी विलायती विझायलीय असं वाटलं, मंग काढली शाल. घ्या, लय वेळ न्हाई."

डबीच्या पिशवीची नाडी सोडायला त्यांनी हात घातला. बोटं नाडीवर ठेवली, पण ती हलेनात. दोनदा प्रयत्न केला आणि मग माझ्याकडे पाहून हसले. नाडी मीच सोडली. डब्या चांगल्या कढत होत्या. चहाच्या गाड्यावर त्यांना पेला धरता येईना, म्हणून बशी मी त्यांच्या तोंडाला लावली. ते फुंकर मारत मलाच बजावत होते, "घंटा होईस्तोर मुठीतच धरा. अन् ध्यान ठेवा, कोनती जास्त."

घंटा झाली. माझे दोन्ही हात भाकरीसारखे गरम होते आणि जगात आता एकही सबब उरली नव्हती. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. पण नाडीवर अडकलेली ती बोटं डोळ्यांपुढून हलेनात, आणि माझी बोटं थांबायला लाजली. 'ज्ञ' शोधावा लागला नाही. उतारा संपला तेव्हा बाजूचा उमेदवार अजून टायपत होता. मी माझ्याच कागदाकडे परक्यासारखा पाहत राहिलो.

बाहेर आलो तर दाजी कुंपणाच्या भिंतीपाशी उन्हात उकिडवे बसलेले. आता शाल डोक्यावरून, हात काखांत. पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारलंच नाही.

"डावी का उजवी?"

खरं सांगायचं तर मी डब्यांकडे लक्षच दिलं नव्हतं. पण सदऱ्यावर एवढा प्रवास करून आलेल्या माणसाला "दोन्ही सारख्याच" म्हणायला माझी जीभ रेटेना.

"डावी," मी ठोकून दिलं.

"जपानी!" दाजी ताडकन उठले. "लय दिसापासून वाटायलंय मला! बायकोला सांगा तुमच्या, बोटात दोष नवता!"

निकाल लागला. मी काठावर का होईना, पास होतो. दाजी पेढे घेऊन आले, पहिला पेढा जपानी डबीपुढे ठेवला आणि दुसरा मला दिला. जाताना विलायती माझ्या हातात ठेवली. "हरली हाय, पर टाकू नका तिला."

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. थंडी पडली की मी विलायतीला पेट्रोल पाजतो. ती रात्री पेटवली तर सकाळच्या चहालाही ऊबदार असते. मला वाटतं, जपानीपेक्षा हीच सरस असावी. दाजींना हे सांगायला हवं होतं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिलं असतं, आणि दोन्ही डब्या पुढ्यात मांडून, "हात दाखवा, साडूभाऊ," म्हणत सगळं पहिल्यापासून सुरू केलं असतं.