वाटीभर पंचामृत

माझ्या यकृतात लिंबाएवढी गाठ निघाली, वाईट जातीची. ती रोबोटनं काढायची ठरली तेव्हा मी मुलाला एकच विचारलं, "लाईट गेली तर?"

मल्लेश्वरमच्या आमच्या घरी लाईट गेली की मिक्सरमधली चटणी अर्धवट राहते. रोबोटचे हात माझ्या पोटात अर्धवट राहिले तर?

"आई, तिथं लाईट जात नाही. आणि रोबोट आपल्या मनानं काही करत नाही. डॉक्टर बाजूला बसून त्याचे हात चालवतात."

"बाजूला? माझ्याजवळ नाही?"

"त्याच खोलीत गं."

तो धीर द्यायला बोलला, पण माझ्या डोक्यात एवढंच राहिलं. पोट माझं उघडायचं आणि डॉक्टर कोपऱ्यात.

पोटात काही जाता कामा नये, असं नर्सनं आदल्या दिवशी बजावलं होतं. ऑपरेशनच्या सकाळी मुलगा खाली फॉर्म भरायला गेला आणि माझी धाकटी जाऊ देवळातून पंचामृत घेऊन आली. आमच्याकडे तीर्थप्रसादानं उपास मोडत नाही, एकादशीलाही घेतात.

"अक्का, स्वल्पच. चमचाभर."

एरवी मी तिच्या देवदेवाची टिंगल करते. त्या सकाळी मुकाट्यानं हात पुढे केला. चमचाभर प्यायले आणि म्हटलं, "वाटी इकडे दे." दूध, दही, मध, सगळं संपवलं.

थोड्या वेळानं नर्स आली. "अज्जी, काही खाल्लं?"

मी नाही म्हटलं. जावेनं वाटी पदराखाली धरली. खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. प्रसाद म्हणजे काय खाणं आहे?

मग मला आत नेलं. खोली गारठलेली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले चार हात कोळ्याच्या पायांसारखे मुडपून उभे होते. डॉक्टर खरंच कोपऱ्यात, एका मोठ्या पेटीसमोर स्टूल ओढत होते. भूल देणारी डॉक्टरीण वाकून म्हणाली, "अज्जी, शेवटचं विचारते. सकाळपासून पोटात काही गेलंय?"

मी त्या हातांकडे बघितलं. सांगितलं तर आजचं टळेल, एवढंच डोक्यात आलं. खरेपणासाठी नाही, पळायला वाट दिसली म्हणून मी बोलले.

"पंचामृत. वाटीभर."

तिनं हातातली सुई खाली ठेवली. "दूध पोटात असताना भूल दिली असती आणि ते वर येऊन फुफ्फुसात गेलं असतं, म्हणजे? रोबोटपर्यंत पोचलाच नसतात."

इतके दिवस मी लाईटला भीत होते.

मला परत खोलीत आणलं. मुलगा काकूवर ओरडायला लागला. मी म्हटलं, "तिला बोलू नकोस. वाटी मी मागितली." दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली. म्हणजे तीच भीती, पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या सकाळी जाऊ दारातच थांबली.

"आज काय आणलंस?"

"काही नाही, अक्का." तिनं रिकामे तळवे दाखवले.

"मग आत ये की. तिथं काय उभी राहिलीस?"

तिनं येऊन माझा हात धरला. तिचा हात माझ्याहून गार होता. ट्रॉली आली तरी दोघींपैकी कुणी सोडला नाही. शेवटी नर्सनंच सोडवला.