हमिंगबर्डचं नवं आडनाव

पक्षी विभागात काम केलं की किस्से किती साठतात म्हणून सांगू! पेंढा भरलेल्या पक्ष्यांना निदान डांबरगोळ्या घालून ड्रॉवरमध्ये ठेवता येतं. किस्से कुठे ठेवायचे? २००६च्या सुमाराला मी अमेरिकेत मॉरिसव्हिलला मुलाकडे राहायचे आणि जवळच्या एका म्युझियममध्ये व्हॉलंटिअर होते. शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी, पक्ष्यांची लॅटिन नावं, सगळं माझं मी शिकले. कोणाचे उपकार नाहीत!

आमच्या विभागाची प्रमुख हेलन. मला मावशी म्हणायची, मीच शिकवलेलं. तिचे सर, वॉल्टर, तरुणपणी ठासून म्हणाले होते, "हा हमिंगबर्ड चुकीच्या घरात घातलाय. याचा जीनस वेगळा." लोक हसले. आता हेलननं डीएनए तपासला आणि सर खरे ठरले. पण सर नर्सिंग होममध्ये, सगळं विसरत चाललेले. त्यांना कळतंय तोवर हे छापून यायला हवं, हा हेलनचा एकच धोशा.

*

दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मुलाचा मित्र विचारतो, "काकू, नवा पक्षी सापडला म्हणे! कुठे?"

"ड्रॉवरमध्ये. शंभरेक वर्षं तिथेच आहे."

"मग नवं काय त्यात?"

"जीनस. म्हणजे आडनाव समज."

"हॅ, फक्त आडनाव बदललं!"

"फक्त? तू बदल तुझं, व्हिसावाल्यांना कळव, आणि मग ये माझ्याशी बोलायला!"

*

नातीला सगळं समजावून सांगितलं. तिचा एकच प्रश्न, "आजी, डझ द बर्ड नो?" त्या पक्ष्याला हे माहितीये का म्हणे!

हेलनला हे सांगितलं, तर दिवसभर हसत होती.

*

जीनसला नाव काय द्यायचं? मी म्हटलं, "तुझंच दे. कष्ट तुझे."

"मावशी, स्वतःचं नाव देत नाहीत. तशी रीत नाही."

"मग सरांचं दे!"

तिनं कागद पुढे सरकवला. सरांच्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. मला उगाच अक्कल पाजळायला लावली!

*

हेलनचा रिसर्च पेपर छापून आला, तसं सरांकडे एकटीनं जायचा तिला धीर होईना. मला घेऊन गेली. सरांनी तिला ओळखलं नाही. मला नर्स समजले. मग मी त्यांची उशी नीट केली.

हेलननं पान पुढे धरलं. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवत सरांनी सगळं वाचलं. स्वतःच्या नावावरूनही बोट तसंच पुढे गेलं.

"काम चोख आहे. कोणी केलं?"

"तुमच्या एका स्टुडंटनं," हेलन म्हणाली.

"वाटलंच मला. वेळेवर जेवत नाही ती. तिला सांगा, पक्षी कुठे पळून जात नाही. आधी जेवून घे म्हणावं."

"सांगते."

गाडीत बसल्यावर तिनं किल्ली लावलीच नाही. माझ्या मांडीवरचा डबा उचलला, उघडला, आणि शेवटची पोळी संपेपर्यंत जेवली.